आठचं रक्त, चारचं रक्त

सकाळी आठला एक नळी, दुपारी चारला दुसरी.
नाव, वय, वेळ.
वेळ विसरू नका, मी नव्या मुलींना बजावते,
कॉर्टिसोल सकाळी चढतं, दिवस कलला की उतरतं,
वेळेशिवाय आकड्याला अर्थ नाही.
गीता भवनच्या लॅबमध्ये अकरा वर्षं
हेच करते आहे. मूठ आवळा. सोडा. झालं.

मे महिन्यात पीथमपूरहून निरंजनला पत्र आलं.
दोन ओळी आणि शिक्का.
गिअरबॉक्सची लाइन बंद.
पत्र एकच होतं,
पण रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत
दोन पोटांनी ते वेगवेगळं वाचलं.

त्याच्या पोटाने शटर ओढलं.
पोळीचा तुकडा गालात धरून
तो पंख्याकडे बघत बसायचा.
वरण निवायचं, साय धरायचं.
रेवा म्हणाली, बाबांचं घड्याळ
आता कोपरापर्यंत सरकतं.

माझं पोट रात्री साडेअकराला दार वाजवायचं.
दिवा न लावता लसणीच्या शेवेचा डबा,
मग गूळ, सुरीने खरवडून,
मग रेवाच्या डब्यासाठी ठेवलेली बिस्किटं.
गोड जिभेवर आलं की
डोक्यात उभं असलेलं कुणीतरी
घटकाभर खाली बसायचं.
पुन्हा उठायचं.

मला हे सगळं पाठ आहे.
मेंदूच्या तळाशी बदामाएवढी जागा,
तिथून निघालेला निरोप
मूत्रपिंडावरच्या टोपीएवढ्या ग्रंथीपर्यंत.
शेजारी आग लागली तर
कोण पान वाढून घेतं? भूक मरते, ते बरोबरच.
पण आग विझेचना,
महिनोन्महिने नुसती धुमसत राहिली
तर शरीर घाबरून धान्य भरायला लागतं.
तो अजून पहिल्याच रात्रीत अडकला होता
आणि मी पुढच्या दुष्काळाची तयारी करत होते.

पाठ असून काय होतं?
डब्याचं झाकण तरी उघडायचंच.

एकदा शबनमला म्हटलं, माझं घे.
आठचं घेतलं, चारचं घेतलं.
रिपोर्ट आला: सामान्य मर्यादेत.
मी तो दोनदा वाचला.
खरं सांगू, राग आला.
इतकं सगळं चाललंय
आणि रक्ताने कुणालाच काही सांगितलं नाही.

डिसेंबरात रेवाच हट्टाला पेटली, सराफ्यात चला.
दिवसा जिथे सोनं गुंजेगुंजेनं तोलतात
त्याच ओट्यांवर रात्री कढया चढतात.
डोकंही असंच असावं,
ओटा एकच,
दिवसा हिशेब, रात्री भूक,
आणि मधे कधीतरी
झाडू मारणारा येऊन जातो, तिला झोप म्हणतात.
या शहरात कचऱ्याची गाडी एक दिवस चुकत नाही,
आमच्याकडे मात्र तो झाडूवाला
सात महिने फिरकला नव्हता.

गराडू तळून निघाले.
पानाचा द्रोण, टूथपिक, वाफ.
निरंजनने एक तुकडा उचलला,
फुंकर घातली, तोंडात टाकला,
जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं.
मी मोजत होते.
दुसरा. थोडा थांबून तिसरा.
नळीत थेंब पडताना बघतात तशी बघत होते.
माझा द्रोण हातात तसाच,
वरचं लिंबू सुकत चाललेलं.

मग तो ठेलेवाल्याकडे वळला,
कपाळाला जुनी आठी, लाइनवर माल परत पाठवताना पडायची ती,
आणि म्हणाला,
भिया, जीरावन कमी है इसमें.